मुंबईत शेजारपाजारच्यांचा स्वयंपाक कुठे शिकायला मिळेल?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, सहा वर्षं झाली मुंबईत नोकरीला. आमच्या ऑफिसात दुपारी सात जण एकत्र डबा खातो. त्यात गोराईची एक ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिश्चन समाजातली) मैत्रीण आहे, एक बोहरी, एक उल्हासनगरची सिंधी, एक सीकेपी काका आणि दादर पारशी कॉलनीतल्या एक मॅडम. सहा वर्षं मी सगळ्यांच्या डब्यात हात घालतेय आणि यातलं एकही मला करता येत नाही याचं आता खरंच वाईट वाटायला लागलंय. मॅडम पुढच्या वर्षी रिटायर होतील, काका तर याच वर्षी, मग ते बिरडं कुठून खायचं?

म्हणून क्लास शोधायला बसले. केकचे क्लास ढीगभर, पास्ता आहे, सुशी आहे, थाई करी आहे, खमीरवाल्या ब्रेडचे आहेत. पण सिंधी कढी, बोहरी पालीदू, ईस्ट इंडियन लोकांचे तळलेले फुगे, भानोलं शिकवणारं कुणी सापडेना. म्हणजे हजारो मैलांवरचं शिकायची सोय आहे आणि भिंतीपलीकडचं शिकायची नाही.

कुणी असं काही शिकलंय का? कुठे, कसं शोधलं, फी साधारण किती घेतात? मला फक्त शनिवार-रविवार जमतं आणि घरी दोन बर्नरची शेगडी आहे. अंडी-मासे-मटण सगळं चालतं.

खडीसाखर
प्रतिसादांच्या प्रतीक्षेत. मलाही हवंय.

मधलीसुट्टी
रानजाई, क्लास शोधायच्या आधी क्लास कसा नसावा ते सांगते, कारण मी पैसे घालवून शिकलेय. एका हॉलमध्ये पंचवीस-तीस बायका खुर्च्यांवर, समोर टेबल, बाई करून दाखवणार, आम्ही झेरॉक्सवर टिपा काढणार आणि शेवटी एकेक चमचा चव. घरी येऊन केलं तर काही म्हणता काही जमलं नाही, कारण पीठ किती सैल ते बोटांना माहीतच नाही ना, डोळ्यांना माहीत. तेव्हापासून मी फोनवर दोनच प्रश्न विचारते. हात लावायला मिळणार का, आणि ओट्याशी एका वेळी किती जण. चार-पाचाच्या वर असतील तर मी नाही जात. मेनूत एका दिवसात सात पदार्थ असतील तरी नाही जात, दोन पुरे.

दादरकर
पद्धतशीर शिकायचं असेल तर दादरला वीर सावरकर मार्गावर आपलं कॅटरिंग कॉलेज आहेच, १९५४ सालापासूनची संस्था. पण त्यांचे अभ्यासक्रम नोकरी-धंद्याच्या दृष्टीने बेतलेले असतात. तिथे सुरी कशी धरायची, स्टॉक कसा काढायचा, शंभर माणसांचं प्रमाण कसं बसवायचं हे पक्कं होतं. तुम्हाला हवंय ते घरगुती आणि एकेका समाजाचं आहे, त्याला वेगळी वाट लागेल.

अवांतर: मुंबईत घरी क्लास घेण्याची परंपरा जुनी आहे. तरला दलालांनी १९६६ साली आपल्या घरीच क्लास सुरू केले होते, पुस्तकं नंतर आली. आमच्या आईची एक मैत्रीण तसल्याच एका घरगुती क्लासला जायची आणि शुक्रवारी आम्हाला बेक्ड मॅकरोनी खायला मिळायची, त्याचं आम्हाला केवढं अप्रूप! तेव्हाही क्लास लांबच्या पदार्थांचेच असत, शेजारचं शिकायला क्लास लागतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. चाळीत दार उघडंच असायचं.

पाटावरवंटा
एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर सगळं आहे. सिंधी आज्या, पारशी आंट्या, कोळणी, सगळ्यांचे चॅनल आहेत. थांबवून-थांबवून बघा, तीनदा करा, जमतं. मी पात्रानी मच्छी अशीच शिकलो आणि घरी सगळ्यांना आवडली.

शेवग्याची_शेंग
पाटावरवंटा, पात्रानी मच्छीत चटणी वाटायची, पापलेटला लावायची, केळीच्या पानात बांधायचं आणि वाफवायचं. ते व्हिडिओवरून जमेल, मान्य. पण सगळंच तसं नसतं हो.

मी ठाण्याला राहते, सिंधी कढी मी पाच-सहा वेळा व्हिडिओ बघून केली आणि दर वेळी कच्च्या बेसनाची चव. शेवटी आमच्या बिल्डिंगमधल्या सिंधी आंटींना म्हटलं मला शिकवा. त्यांनी मला ओट्याशी उभं केलं. तेलात मेथीदाणा-जिरं, मग बेसन, बारीक आच, आणि हातात कालथा मलाच दिला. दर थोड्या वेळाने म्हणायच्या वास घे. पहिल्यांदा डाळीच्या पिठाचा कोरडा वास होता. मग शेंगदाणे भाजल्यासारखा यायला लागला, मी गॅस बंद करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला, म्हणाल्या अभी नहीं. अजून तीन-चार मिनिटांनी बेसन एकदम हलकं झालं, कालथ्यावरून सुटून पडायला लागलं, रंग विटकरीकडे झुकला आणि वास असा की शेजारच्या खोलीतून त्यांचा नातू विचारत आला कढी आहे का. तेव्हा त्यांनी गरम पाणी ओतलं. मी इतकी वर्षं त्या शेंगदाण्याच्या वासावरच थांबत होते. हे कुठला व्हिडिओ सांगणार? व्हिडिओला वास नसतो.

अजून एक त्यांनी सांगितलेलं. बटाटा, गवार, शेंगा शिजल्याशिवाय चिंच घालायची नाही. आंबट आधी पडलं की भाज्या कडक राहतात, मग कितीही उकळा. भेंडी वेगळी तळून शेवटी. आणि आपल्या कढीसारखं यात ताक अजिबात नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पाटावरवंटा
शेंगताई, मुद्दा पटला. बेसन आज पुन्हा भाजून बघतो.

खडीसाखर
वासाचं वर्णन वाचून भूक लागली, आणि आज नेमका उपास आहे!

तरकटी
मी बोहरी आहे, जन्म भेंडी बाजारचा, आता मरोळला. धागा वाचून फार बरं वाटलं. रानजाई, आमच्यातल्या बऱ्याच बायका हल्ली शनिवार-रविवारी घरी पाहुणे बोलावून पैसे घेऊन थाळ जेवायला घालतात. तिथे जेवायला जा. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात डोकावून मनापासून विचारलंत की बहुतेक जणी सांगतात, आणि चार जणी मिळून आलात तर शिकवायलाही तयार होतात. मी माझ्या मामींना विचारून बघेन.

पण आधी थाळावर बसून बघा, कारण आमचा स्वयंपाक त्या थाळाभोवती बेतलेला आहे. तरकटीवर, म्हणजे खालच्या बैठकीवर, मोठा थाळ, भोवती आठ जण, चिलमची-लोट्याने हात धुवायचे, बोटाने मीठ चाखून सुरुवात, मग गोड, मग खारं, मग परत गोड. एकाच थाळातून सगळे खातात म्हणून भात किती मोकळा, पालीदू किती पातळ हे सगळं ठरतं. दाणाही टाकायचा नाही.

पालीदू दिसायला सोपं, पण तुरीच्या डाळीचं वरचं पाणी कधी काढायचं यात सगळी गंमत. डाळ पूर्ण शिजू द्यायची नाही, दाणा अख्खा राहिला पाहिजे कारण ती भातात थर लावून जाते. आणि त्या पाण्यात बेसन, कोकम, दुधी किंवा शेंगा.

एक आधीच सांगते. मामी पालीदू शिकवतील, कारीचा मसाला नाही शिकवणार. तो त्यांच्या सासूबाईंनी त्यांनाच दिलाय. कृपया आग्रह करू नका.

मधलीसुट्टी
तरकटी, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. हे बऱ्याच जणांना कळत नाही, शिकायला गेलो म्हणजे सगळं मिळालंच पाहिजे असं वाटतं.

आळूवडी
+१. आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाताना त्या घराचे नियम आधी विचारून घ्या. काय आणलेलं चालतं, चपला कुठे, कुठल्या भांड्याला हात लावायचा. मी एकदा एका जैन मावशींकडे शिकायला जाताना पिशवीत कांदे घेऊन गेले होते, त्या काही बोलल्या नाहीत पण पिशवी दाराबाहेर ठेवायला लागली आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दादरकर
फीचा प्रश्न तसाच राहिला. माझं मत, शेजारीपाजारी, ऑफिसातली मंडळी यांना पैसे देऊ करू नयेत. आपल्याकडे ते बरं दिसत नाही. साडी-चोळी द्या, फळं न्या, आपल्या घरचं काही करून न्या.

बिब्बा
दादरकर काका, मी इथे पूर्ण असहमत. माझी आई गेली वीस वर्षं सणावाराला ऑर्डरी घेते. "काकू, जरा दाखवा ना" म्हणून किती जणी येऊन दोन-दोन तास तिचा वेळ, तिचं सामान, तिचा गॅस वापरून गेल्या त्याला मोजदाद नाही. त्यातल्या एकीने नंतर तेच पदार्थ विकायला सुरुवात केली. आईला कुणी विचारलंसुद्धा नाही की काकू, किती देऊ. हॉटेलातला शेफ दोन तास पास्ता दाखवतो त्याला आपण मुकाट अडीच हजार देतो, आणि चाळीस वर्षं हात बसलेल्या बाईला सफरचंदं? फी विचारा. सरळ तोंडावर विचारा. ती नको म्हणाली तर गोष्ट वेगळी. आणि विकायचा विचार असेल तर तेही आधी सांगा.

दादरकर
बिब्बा, तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते वाईटच झालं. त्या ऑर्डरी घेतात, त्यांचा तो व्यवसाय आहे, तिथे फी द्यायलाच हवी, हे मी सरसकट लिहायला नको होतं. डब्याच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीच्या आईला मात्र मी अजूनही पाकीट नाही देणार, तिला घरी जेवायला बोलवेन.

शेवग्याची_शेंग
मी आंटींना विचारलं होतं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण सामान सगळं मी नेलं आणि नंतर महिनाभर त्यांच्या नातवाचं मराठी घेतलं. मधला मार्गही निघतो.

गावठाण
मी ईस्ट इंडियन, उत्तनची. रानजाई, फुगे शिकायला क्लास नको, तुमच्या त्या गोराईच्या मैत्रिणीला सांगा की मला लग्नघरी घेऊन चल. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या बायका घमेलंभर पीठ मळतात, मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि फुगवायला पूर्वी ताडी, आता यीस्ट. पीठ सैल असतं, हाताला चिकटतं. ओल्या मुठीत घ्यायचं, मूठ आवळायची की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटाने तोडून तेलात सोडायचा. तेल योग्य तापलं असेल तर तो आपला आपण गिरकी घेतो.

माझं खरं सांगणं वेगळं आहे. आमचा स्वयंपाक शिकायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये मसाला करताना या. बॉटल मसाला. मिरच्या आणि बाकीचे वीस-पंचवीस जिन्नस, त्यात गहू-हरभरेसुद्धा, प्रत्येक वेगळा भाजायचा कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. पूर्वी मसाला कांडणाऱ्या बायका घरोघर यायच्या, लाकडी उखळात दोघी-तिघी आळीपाळीने मुसळ टाकायच्या, तोंडाला फडकं, डोळ्यांतून पाणी, आणि ताल कधी चुकायचा नाही. आमच्याकडे अजून एक मावशी येतात. मसाला झाला की गडद रंगाच्या बियरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा, उजेड आणि हवा लागली नाही तर वर्षभर रंग टिकतो. तो मसाला हाताशी नसेल तर आमची कृती घेऊन उपयोग नाही.

आळूवडी
गावठाण, लालबागच्या मिरची गल्लीत डंक्यावर करून आणला तर चालतो का? आमचा वर्षाचा मालवणी मसाला तिथलाच.

गावठाण
चालतो, आता बरेच जण तसंच करतात. फक्त स्वतः उभं राहून भाजून घ्या. मिक्सरवर नको, पातं गरम होतं आणि मसाल्याचा वास बदलतो.

दादरकर
मसाल्यावरून आठवलं, आमच्या शेजारी पाठारे प्रभू कुटुंब होतं. त्यांच्या परभी सांबार मसाल्याचं नाव ऐकून मला बरीच वर्षं वाटायचं की इडलीबरोबरचं सांबार. काही संबंध नाही! त्यातही गहू, हरभऱ्याची डाळ आणि भरपूर हिंग, आणि तो मासळी-मटणाला. त्या ताई कोबी-कोलंबीचं भानोलं करायच्या, खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून. ओव्हन नव्हता तेव्हाची भट्टी म्हणा.

पाटावरवंटा
हा धागा भुकेल्या पोटी वाचू नये अशी सूचना वर लावा.

सागरगोटा
मासे शिकायचे असतील तर क्लास राहू दे, कोळीवाड्यात जा. वेसाव्याला सी फूड फेस्टिव्हल भरतो तेव्हा तिथल्या बायका स्वतः करतात, गर्दी कमी असते तेव्हा, म्हणजे संध्याकाळी लवकर, गेलात तर बोलतात. मी ताजे बोंबील तळायला तिथेच शिकलो. बोंबलात पाणी फार, त्यामुळे मधून चिरून, काटा काढून, दोन पाटांमध्ये वर वजन ठेवून तासभर दाबायचे. मग ते कुरकुरीत होतात. मी आधी तसेच तव्यावर टाकायचो आणि लगदा व्हायचा.

ओटीवरचा
थोडं वेगळं लिहितो. ठाण्यात आमच्या शेजारी बेने इस्रायली (ज्यू) कुटुंब होतं. घरात मराठी, आमच्यासारखीच, शनिवारी मात्र घर शांत. त्यांच्यात मांस आणि दूध एका जेवणात एकत्र चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. त्यांच्या नव्या वर्षाला आजी चीकचा हलवा करायच्या, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध. मोठ्या पातेल्यात, थांबायचं नाही. मी आठवी-नववीत होतो, मला ढवळायला बसवायच्या आणि हात दुखला की म्हणायच्या आता तर कुठे सुरुवात आहे. शेवटी हलवा कडा सोडतो आणि पळीबरोबर अख्खा गोळा फिरायला लागतो, तेव्हा ताटात ओतून वड्या पाडायच्या.

१९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक हळूहळू इस्रायलला गेले. आजींची मुलंही गेली, मग आजीही. मी त्यांच्याकडून एवढा हलवा खाल्ला, ढवळला, पण प्रमाण कधी विचारलं नाही. आज माझ्याकडे ते नाही. रानजाई, काका याच वर्षी रिटायर होताहेत म्हणालात ना, क्लासचं नंतर बघा. आधी काकांच्या घरी जा.

मधलीसुट्टी
ओटीवरचा, वाचून गलबललं. प्रमाणावरून एक उपाय सांगते. या सगळ्या बायका "अंदाजाने" म्हणतात आणि तो अंदाज त्यांच्या मुठीत असतो. मी छोटा वजनकाटा घेऊन जाते. मीठ, बेसन, तिखट, सगळे डबे सुरुवातीला काट्यावर ठेवून वजन लिहिते. त्यांना हवं तसं, हवं तेवढं घालू देते, मध्ये टोकत नाही. शेवटी परत वजन, वजाबाकी केली की त्यांच्या मुठीचं प्रमाण मिळतं. मध्येच "किती चमचे?" विचारलं तर त्या बिचकतात आणि एरवीपेक्षा कमी घालतात, हे मी दोनदा पाहिलंय.

बिब्बा
मधलीसुट्टी, कमाल उपाय आहे. आईवरच करून बघते.

रानजाई
मंडळी, दीड महिन्याने येतेय, उशिराबद्दल माफ करा. ओटीवरचा यांचा प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी काकांना विचारलं. ते म्हणाले मला कुठे येतं, हिला येतं, ये रविवारी. गेले. काकूंनी शुक्रवारी रात्रीच कडवे वाल भिजवून शनिवारी फडक्यात बांधून ठेवले होते, एवढाले मोड. कोमट पाण्यात टाकले आणि आम्ही तिघं टीव्हीसमोर बसून सोलले. पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात काकूंनी मला निनावं, खाजाचे कानवले, सोड्यांची खिचडी, सगळं तोंडी सांगितलं. बिरडं कालथ्याने ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर वाल मोडतात. वजनकाटा नेला होता. काकूंना आधी हसू आलं, मग त्यांनी स्वतःच गूळ वजन करून दिला.

काकूंना फी विचारली, त्यांनी डोळे वटारले. मी आईकडून आलेली सांगलीची हळद दिली.

उल्हासनगरला पुढच्या शनिवारी जातेय. मैत्रिणीची आजी आहे, फाळणीनंतर लहानपणी कल्याण कॅम्पात आली, तेव्हा त्या जागेला उल्हासनगर नावही नव्हतं. शेंगताई, बेसनाचा तिसरा वास लक्षात ठेवलाय. तरकटी, तुमच्या मामींकडे आम्ही चौघी येऊ, फी सांगा. धानसाकचं (पारशांचं डाळ-मटण) मॅडमना विचारलं तर म्हणाल्या ये, पण वाढदिवसाच्या आठवड्यात नको, आमच्याकडे तो शुभ दिवसाला करत नाहीत. मला वाटलं होतं मेजवानीचा पदार्थ आहे, तर कुणी गेल्यावर चौथ्या दिवशी करतात, आणि एरवी रविवारी.

आता अडचण. फुगे घरी करून बघितले, मैत्रिणीच्या सांगण्यावरून. गोल झाले, पण आतून गच्च. गावठाण, काय चुकलं?

गावठाण
पीठ किती वेळ ठेवलं होतंस? आणि मळताना वर मैदा लावत होतीस का?

रानजाई
एक तास. हो, हाताला फार चिकटत होतं म्हणून दोनदा मैदा घातला.

गावठाण
तेच. चिकटणारच ते, मैदा नको, हात पाण्याने ओला कर. आणि फुगून दुप्पट होईपर्यंत थांब, घड्याळ बघू नकोस. थंडीत तीन तासही लागतात. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मसाला आहे, मिरच्या आणल्यात. रविवारी सकाळी आठला ये, डोक्याला बांधायला जुनं फडकं आण आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावत असशील तर त्या दिवशी चष्मा घाल.